नाका पायथ्याला, अपघात वळणावर

पावसाळ्यातला रविवार उजाडला की पुण्या-मुंबईचे दुचाकीस्वार सह्याद्रीकडे निघतात. पुण्याहून पौड, मुळशी करत ताम्हिणी, मुंबईहून जुन्या महामार्गाने खोपोली, शिंग्रोबाचे देऊळ, खंडाळा, कल्याण-मुरबाडकडून माळशेज. कोल्हापूरकर आंबा आणि गगनबावड्याच्या घाटांकडे जातात, सातारकर कासला, नाशिककर इगतपुरीकडे. यातल्या बहुतेक रस्त्यांवर कुठे ना कुठे लोखंडी अडथळे लावून पोलीस उभे असतात. ते लांबून दिसले की रांगेतला प्रत्येक जण वेग उतरवतो. कुणी हनुवटीखालचा पट्टा घाईने अडकवतो, कुणी आरशाला टांगलेले हेल्मेट डोक्यावर चढवतो. समोरून येणारा अनोळखी स्वार दिवा चमकवून जातो. ‘पुढे मामा आहेत’ हा निरोप सगळ्यांना कळतो.

या भेटीबद्दल दोन्ही बाजूंची मते पक्की आहेत. स्वार म्हणतात, डंपर आणि भरधाव मोटारी सोडून आम्हालाच बाजूला घेतात, कारण आम्ही सापडायला सोपे. पोलीस म्हणतात, पोरे दरीत गेली की पंचनामा आम्हालाच करावा लागतो आणि घरी फोनही आम्हालाच करावा लागतो. मी स्वतः दुचाकीवर घाट फिरणारा आहे, आणि मला दोन्ही म्हणणी खरी वाटतात. घाटात पोलीस कमी नकोत, जास्तच हवेत. पण आज ते जिथे उभे असतात आणि जे तपासतात, त्याचा माणसे जिथे आणि ज्यामुळे मरतात त्याच्याशी मेळ बसत नाही. या सगळ्या प्रश्नाचा गाभा मला तिथे दिसतो.

आधी आकडे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यातली ७४,८९७, म्हणजे शंभरातली जवळजवळ पंचेचाळीस, दुचाकीवरची होती. हेल्मेट नसताना गेलेल्यांची संख्या ५०,०२९. त्यांत चौदा हजारांवर मागे बसलेले होते. महाराष्ट्राच्या वाट्याला त्या वर्षी पंधरा हजारांहून अधिक मृत्यू आले. हे आकडे शहर, गाव, महामार्ग अशा सगळ्या रस्त्यांचे मिळून आहेत. तरीही पन्नास हजारांचा आकडा समोर असताना हेल्मेट तपासणीला सरसकट ‘वसुली’ म्हणणे मला पटत नाही. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटची कारवाई कडक झाली तेव्हा विरोधात आंदोलने झाली, सक्तीविरुद्ध समित्या उभ्या राहिल्या. मुंबईत २०२२ च्या जूनपासून मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक करून कारवाई सुरू झाली, तेव्हाही कुरकुर झालीच. आज लांबच्या राइडला निघणाऱ्या गटात बिनहेल्मेटचा माणूस क्वचितच दिसतो. बहुतेक गट अशाला सोबत घेतच नाहीत. दंडाने धाक घातला, पण सवय लावली ती सोबतच्या स्वारांनी.

घाटात येणारे सगळे दुचाकीस्वार एका जातकुळीचे नसतात, आणि नाक्याचा विचार करताना हे विसरून चालत नाही. एक, गटाने येणारे: पुढे लीड, मागे स्वीप, अंगात जाड जाकीट, गुडघ्याला गार्ड, ठरलेले थांबे, ठरलेली मिसळ. दोन, कॉलेजातली पोरे: शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर तिघे, अंगात पातळ टीशर्ट, पायात चप्पल, धबधब्याखाली भिजून तसेच परत. तीन, मोठ्या इंजिनाच्या गाड्यांवर वळणे मारायला येणारे. हे पहाटे फटफटताना येतात आणि रस्ता भरायच्या आत नाश्ता करून परततात. चौथा गट या तिघांइतकाच मोठा, पण त्याला कुणी ‘रायडर’ म्हणत नाही: खत, भात, दुधाच्या किटल्या घेऊन रोज घाट चढणारा-उतरणारा स्थानिक.

नाका साधारण गर्दीच्या वेळी लागतो. त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या गटातले लोक हमखास सापडतात, पहिल्यातले कागद दाखवून सुटतात आणि तिसरे नाका लागण्याआधीच घरी पोहोचलेले असतात. ज्याचा वेग सर्वांत जास्त, त्याची आणि पोलिसांची गाठच पडत नाही. पहाटे मुळशीच्या जलाशयाकाठच्या वळणांवर मोटरसायकलचा गियर उतरल्याचा आवाज दोन डोंगर पलीकडून ऐकू येतो, तेव्हा रस्त्यावर गणवेशातले कुणी नसते.

नाक्यावर घडते ते साधारण असे. हवालदार हात करतो, गाडी डावीकडे घ्यायला सांगतो. लायसन, आरसी, विमा, पीयूसी. गाडीचा नंबर हातातल्या ई-चलन यंत्रात टाकला की मागची न भरलेली चलने समोर येतात. खरी खडाजंगी बहुधा इथून सुरू होते. आजच्या चुकीबद्दल वाद नसतो. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा सिग्नलवर कॅमेऱ्याने टिपलेल्या, स्वाराला ठाऊकच नसलेल्या चलनाबद्दल असतो. ‘आधी मागचे भरा’ असे सांगितले जाते. स्वार म्हणतो, मला संदेशच आला नाही. बऱ्याचदा तेही खरे असते, कारण आरटीओत नोंदवलेला मोबाइल नंबर पहिल्या मालकाचा किंवा वितरकाच्या नोकराचा निघतो. थकलेली चलने लोकअदालतीत तडजोडीने मिटवता येतात, ऑनलाइन तक्रारही करता येते. पण घाटाच्या तोंडावर मागे वीस गाड्या खोळंबलेल्या असताना ही चर्चा शांतपणे होत नाही.

त्यातून नेटवर्कचा घोळ. केंद्राच्या नियमांत २०१८ मध्ये बदल झाल्यापासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधले कागद मूळ कागदांइतकेच ग्राह्य आहेत. पुण्यातल्या चौकात हे दहा सेकंदांत उघडते. ताम्हिणीत, वरंध्यात, माळशेजच्या बोगद्याजवळ मोबाइलवर रेघ नसते. स्वार फोन आकाशाकडे धरून उभा, हवालदार यंत्र हातात घेऊन दोन पावले पुढे-मागे करतो आहे, आणि दोघांपैकी एकाचीही चूक नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १३९ व्या नियमात जवळ नसलेले कागद पंधरा दिवसांत सादर करण्याची सोय आहे, हे अडवणारा आणि अडवला गेलेला अशा दोघांनाही पुष्कळदा माहीत नसते. माझा साधा सल्ला असा की घाटात जाणाऱ्याने कागद ॲपमध्ये आधीच उतरवून ठेवावेत आणि लायसनचे प्लास्टिकचे कार्ड खिशात असू द्यावे.

कायद्याची बाजू इथे थोडी उलगडून सांगायला हवी, कारण दोन्हीकडे ऐकीव माहितीवर भांडणे होतात. गणवेशातल्या पोलिसाने थांबवले की थांबणे आणि लायसन दाखवणे बंधनकारक आहे; लायसन दाखवण्याची सक्ती मोटार वाहन कायद्याच्या १३० व्या कलमात आहे. ‘मी काही केले नाही, मला का थांबवता’ हा मुद्दा तिथे टिकत नाही. दुसरीकडे, गाडी ताब्यात घेण्याचा अधिकार देणारे २०७ वे कलम मोघम नाही. लायसन नसणे, वय कमी असणे, नोंदणी नसणे, परवान्याचा भंग अशा ठरावीक कारणांसाठीच ते आहे. फक्त हेल्मेट नाही म्हणून गाडी ओढून नेण्यासाठी नाही. धावत्या गाडीची किल्ली झडप घालून काढण्याचा अधिकार तर कायद्यात कुठेच लिहिलेला नाही. घाटाच्या उतारावर तसे केले तर स्वार तोल जाऊन पडू शकतो, एवढे एकच कारण ते थांबवायला पुरेसे आहे.

या कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ ला देशात लागू झाली; महाराष्ट्राने वाढीव दंड २०२१ च्या डिसेंबरमध्ये अमलात आणले. तोवर दोन वर्षे इथल्या नाक्यांवर जुने आकडे, बातम्यांत नवे आकडे, अशी स्थिती होती. शर्यतीचे १८९ वे कलम या दुरुस्तीने कडक झाले: पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. घाटातल्या तिघांच्या गाडीवर पुष्कळदा चालवणाराच सोळा वर्षांचा असतो. नाक्यावरच्या हवालदाराने अशा पोराला दरडावून सोडून दिले तर ती दया म्हणायची की हलगर्जी, याचे उत्तर मला सोपे वाटत नाही. त्याच्या बापाला फोन करून तिथे बोलावून घेणारे पोलीसही मी पाहिले आहेत. बाप येईपर्यंत पोरे अडथळ्यापाशी दगडावर बसून असतात. कुठल्याही दंडापेक्षा तो तास त्यांच्या जास्त लक्षात राहील असे मला वाटते.

आता सायलेन्सर. घाटातल्या नाक्यांवरचा हा सर्वांत मोठा तंटा, आणि त्यात स्वारांची बाजू अर्धीच बळकट आहे. बुलेटला पंजा किंवा इंदोरी सायलेन्सर लावून फटाके फोडत जाण्याला माझ्याकडून काडीची सहानुभूती नाही. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवला आहे. ते योग्यच झाले. मालकाने गाडीत परस्पर फेरफार केला तर १८२-अ कलमाखाली प्रत्येक फेरफारामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्याबद्दल १९० व्या कलमाखाली दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन बाद.

अडचण मोजमापात आहे. नवी मोटरसायकल बाजारात येताना तिच्या आवाजाची मर्यादा इंजिनाच्या आकारावर ठरते: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७, त्यावर ८०. ही चाचणी मोकळ्या मैदानावर, धावत्या गाडीपासून साडेसात मीटरवर मायक्रोफोन ठेवून घेतात. घाटाच्या तोंडावर, एका बाजूला कडा, मागे एसटीचा हॉर्न आणि धबधब्याचा घोष असताना तसे मोजता येत नाही. मग निवाडा कानावर होतो. मोठ्या इंजिनाची, कंपनीतून आली तशीच असलेली गाडी जड आवाजाची असते म्हणून बाजूला घेतली जाते. स्वार सायलेन्सरवरचा कंपनीचा ठसा दाखवण्यासाठी वाकून, रुमालाने चिखल पुसून, ‘साहेब, हे बघा, ओरिजिनल आहे’ म्हणतो. साहेब वाकतात, बघतात, कधी मान्य करतात, कधी नाही. याच्या उलट, महागडा बाहेरचा सायलेन्सर लावलेला, पण आतली जाळी नाक्याआधी परत बसवून घेतलेला माणूस गुपचूप पुढे सरकतो. ज्याने फसवणूक केली तो सुटावा आणि ज्याने केली नाही त्याने रुमाल काढावा, हे बरोबर नाही.

ऑस्ट्रियात टिरोल प्रांताने २०२० च्या उन्हाळ्यापासून काही डोंगरी रस्त्यांवर ९५ डेसिबलपेक्षा जास्त आवाजाच्या मोटरसायकलींना बंदी घातली. तिथे आधार धरला तो गाडीच्या नोंदणीपत्रावर छापलेल्या, उभ्या गाडीच्या आवाजाच्या आकड्याचा. पोलिसाने कागद वाचायचा, एवढेच. या बंदीवर तिथले स्वार भडकले, कारण कारखान्यातून कायदेशीरपणे निघालेल्या गाड्याही तिच्यात आल्या. त्यांचा राग मला समजतो. पण कानाऐवजी कागदावर निवाडा करण्याची पद्धत आपल्याला घेण्याजोगी आहे. प्रत्येक आरसीवर तो आकडा छापला आणि नाक्यावर एक साधा मीटर दिला, तर निम्मे वाद जागीच मिटतील.

हेल्मेटबाबतही असाच एक पेच आहे. १ जून २०२१ पासून देशात आयएसआय खुणेशिवायची दुचाकी हेल्मेटे विकायला बंदी आहे. पदपथावर तीनशे रुपयांना मिळणारी टोपी त्यामुळे कायद्याबाहेर गेली, आणि ते हवेच होते. पण युरोपातल्या चाचणीतून उतरलेले वीस-पंचवीस हजारांचे हेल्मेट घालणाराही, मागे आयएसआयचा ठप्पा नाही म्हणून, कागदोपत्री बिनहेल्मेटचाच ठरू शकतो. व्यवहारात पोलीस अशाला सहसा सोडतात. व्यवहारातले शहाणपण नियमात उतरले तर बरे, नाहीतर ते त्या दिवशीच्या हवालदाराच्या मर्जीवर राहते.

पोलीस घाटात का येतात, याचे एक कारण स्वार विसरतात: त्यांना गावकरी बोलावतात. मुळशीच्या, पवना धरणाच्या काठच्या, ॲम्बी व्हॅलीच्या रस्त्यावरच्या गावांना शनिवार-रविवार नको झाला आहे. रस्त्याला लागून घरे, ओट्यावर म्हातारी माणसे, पलीकडे चरायला सोडलेली गुरे, आणि मधून ताशी शंभरने जाणारी गाडी. ज्याला आपण ‘रायडिंग रोड’ म्हणतो तो त्यांच्या शाळेचा, दवाखान्याचा, आठवड्याच्या बाजाराचा रस्ता आहे. कायद्याप्रमाणे दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ६० किलोमीटर. वळणावर आणि वस्तीत फलक त्याहून कमी सांगतात. घाट म्हणजे ट्रॅक नव्हे, हे गटांतले जुने लोक नव्यांना सांगत असतात. त्यांनी ते आणखी मोठ्याने सांगावे. समोरच्याला दिवा चमकवून पोलिसांची वर्दी देण्याबद्दलही माझे मत बदलत गेले आहे. पुढे दरड आहे, तेल सांडले आहे, गाय बसली आहे, म्हणून दिवा चमकवणे हा रस्त्यावरचा सर्वांत जुना शेजारधर्म. पण पोलिसांची वर्दी दिल्याने हेल्मेट नाक्यापुरते चढते आणि पुढच्या वळणाआधी उतरते. ज्याला आपण वाचवले असे वाटते, त्याला आपण उघडा सोडलेला असतो.

मग नाके पायथ्यालाच का? आळस हे त्याचे उत्तर नाही. ते नकाशात आहे. सह्याद्रीचे घाट हे जिल्ह्यांच्या सीमा आहेत. ताम्हिणीत वरचा भाग पुणे ग्रामीण पोलिसांचा, खालचा रायगडचा. माळशेज पुणे आणि ठाण्यात वाटलेला, वरंध पुणे आणि रायगडमध्ये, आंबेनळी सातारा आणि रायगडमध्ये, कुंभार्ली सातारा आणि रत्नागिरीत, आंबा कोल्हापूर आणि रत्नागिरीत. प्रत्येक पोलीस ठाण्याला हद्दीचे टोक म्हणजे घाटाचा मधला भाग, ठाण्यापासून सर्वांत लांबचा. दोन गाड्या, मोजकी माणसे, त्यात एखादा बंदोबस्त, एखादी जत्रा. अशा ठाण्याचा नाका साहजिकच जिथे चहा मिळतो, फोन लागतो आणि गाडी वळवता येते तिथे लागतो. घाटात वळणावर उभे राहायला जागाच नसते. तिथे अडथळे लावले तर मागून येणारा एसटीवाला कुठे जाईल? जुन्या मुंबई-पुणे महामार्गाचेच पाहा. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड, पुणे ग्रामीण, रायगड, नवी मुंबई एवढ्या पोलीस दलांच्या हद्दी एका सकाळच्या राइडमध्ये ओलांडल्या जातात, शिवाय महामार्ग पोलीस वेगळे. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्यामुळे मुंबई-पुण्याची सगळी दुचाकी वाहतूक याच रस्त्याला बांधलेली आहे. तिकडे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची जाळी काम करते, दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही मोजते. इकडे शिंग्रोबाच्या वळणांवर सगळी मदार डोळ्यांवर आहे.

सरासरी वेगाचे कॅमेरे ही घाटासाठी मला सर्वांत पटलेली गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये मॅकल्सफील्ड आणि बक्सटन यांना जोडणारा ‘कॅट अँड फिडल’ नावाचा डोंगरी रस्ता दुचाकीस्वारांचा फार आवडता आणि तितकाच प्राणघातक होता. तिथे असे कॅमेरे बसवले. एका जागी उभ्या कॅमेऱ्यापुढे ब्रेक मारून पुढे पिळता येते. दोन टोकांच्या वेळेचा हिशेब झाला की ती पळवाट राहत नाही. घाटाला दोनच तोंडे असतात, मध्ये फाटे जवळजवळ नसतात. म्हणजे या पद्धतीला घाटासारखी जागा नाही. अमेरिकेत टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवर ‘टेल ऑफ द ड्रॅगन’ हा अकरा मैलांत ३१८ वळणांचा रस्ता आहे. तिथली वेगमर्यादा ताशी तीस मैल, म्हणजे आपले सुमारे ४८ किलोमीटर. जगभरातून लोक तिथे वळणांसाठी जातात. कमी मर्यादेने त्या रस्त्याची ओढ कमी झालेली नाही.

ब्रिटिश पोलिसांची ‘बाइकसेफ’ योजनाही आपल्याकडच्या वरिष्ठांनी बारकाईने पाहावी. त्यात मोटरसायकलवरचा प्रशिक्षित पोलीस साध्या स्वाराच्या मागून काही मैल जातो आणि मग थांबून सांगतो: या वळणाला तू फार लवकर आत शिरलास, तिथे तुझी नजर चाकापुढे होती, रस्त्याच्या शेवटाकडे नव्हती. दंड नाही, चलन नाही. आपल्याकडे दुचाकीवर गस्त घालणारे पोलीस आहेत, पण त्यांची आणि स्वारांची गाठ अडवण्यापुरतीच पडते. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या गटांनी आणि महामार्ग पोलिसांनी मिळून वर्षातून चार रविवार जरी असे ठेवले, तरी रस्त्यावरची भाषा बदलेल. त्या पोरांना ‘ए, इकडे ये’ आणि हवालदाराला ‘अहो मामा, सोडा ना’ याखेरीज एकमेकांशी बोलण्याची सवयच राहिलेली नाही.

पैशाच्या व्यवहाराबद्दल बोलायलाच हवे. ई-चलन आल्यापासून पावतीपुस्तकाचा काळ सरला आणि चिरीमिरीची जागा बरीच आक्रसली, हा माझ्या ओळखीच्या बहुतेक स्वारांचा अनुभव आहे. पूर्ण गेली असे मात्र कुणी म्हणणार नाही. बाहेरच्या पासिंगची गाडी हेरून अडवण्याची तक्रार कोकणात, गोव्यात आणि आपल्याकडे कर्नाटकच्या गाड्यांबाबतही सारखीच ऐकू येते. गोव्याचा प्रश्न थोडा निराळा आहे. तिथे भाड्याच्या दुचाकीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरे लागतात, पण पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्याही गुपचूप भाड्याने दिल्या जातात. पर्यटक अशा गाडीवर सापडला की दंडाचा भुर्दंड त्याच्यावर येतो आणि देणारा नामानिराळा राहतो. तडजोडीचा हात पुढे करणारा पुष्कळदा स्वारच असतो, हेही तितकेच खरे: उशीर झालेला असतो, चलन नावावर नको असते. देणाऱ्याने थांबल्याशिवाय हे थांबायचे नाही. अधिकाऱ्याच्या अंगावरचा कॅमेरा हा दोघांच्याही फायद्याचा उपाय आहे, आणि केंद्राच्या २०२१ च्या नियमांत अशा कॅमेऱ्यांना पुराव्याचे साधन म्हणून जागा दिलेली आहे.

पावसाळ्यात पोलिसांच्या कामाला आणखी एक पदर जोडला जातो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या अंगाला धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर संध्याकाळनंतर थांबायला आणि पाण्यात उतरायला मनाई झाली. वरंध घाट तर दरडींमुळे पावसाळ्यात वाहतुकीला बंदच ठेवला जातो. अशा वेळी नाक्यावरचा पोलीस स्वाराला परत पाठवतो तेव्हा तो त्याचा जीव राखत असतो. मात्र शंभर किलोमीटर आल्यावर तोंडावर फलक दिसण्याऐवजी ही माहिती आदल्या रात्री मिळायला हवी. जिल्हा प्रशासनाचे आदेश निघतात ते सरकारी मराठीतल्या पत्रकावर. ते वेळेत गटांपर्यंत पोहोचवणारी यंत्रणा म्हणजे आज कुणीतरी कुणाला तरी पाठवलेला मोबाइलवरचा फोटो.

पोलिसांवर सगळे ढकलून चालणार नाही, कारण घाटातला मृत्यू बऱ्याचदा बांधकाम खात्याच्या हद्दीतही येतो. वळणावर सांडलेली खडी, दुरुस्तीनंतर तशीच राहिलेली बारीक वाळू, डंपरमधून गळलेले डिझेल, पावसाने पुसलेली पांढरी रेघ, शेवाळलेला आरसा. दरीकडेचे पत्र्याचे कठडे मोटारींसाठी बनवलेले आहेत. घसरलेला दुचाकीस्वार त्यांच्या खालच्या फटीतून सरकत खांबावर आदळतो. युरोपातल्या अनेक डोंगरी रस्त्यांवर कठड्याखाली आणखी एक पट्टी बसवून ती फट बुजवतात. आपल्या घाटांत ती पट्टी मी अजून पाहिलेली नाही. तिचा खर्च कठड्याच्या मानाने किरकोळ आहे.

हे सगळे कुठे करायचे, याची माहिती सरकारच्या हाती येऊ लागली आहे. आयआयटी मद्रास आणि एनआयसी यांनी उभारलेल्या अपघात नोंद प्रणालीत महाराष्ट्र पहिल्या सहा राज्यांपैकी एक होता. अपघाताच्या जागी गेलेला पोलीस मोबाइलवरून ठिकाण, वेळ, वाहनाचा प्रकार, हेल्मेट होते की नव्हते, सगळे नोंदवतो. महामार्गावरच्या ‘ब्लॅक स्पॉट’ची व्याख्याही ठरलेली आहे: पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, नाहीतर एकूण दहा मृत्यू. घाटासाठी ही चाळण फार जाड पडते. एका वळणावर दरवर्षी एकच पोरगा जात असेल, तर ते वळण तिच्यातून निसटते. म्हणून दुचाकींचे अपघात वेगळे काढून, घाटाघाटाने, किलोमीटरच्या दगडागणिक आणि तासागणिक मांडून ते जाहीर व्हावेत, अशी मागणी स्वारांच्या गटांनी जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे लेखी करावी. प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती आहे, जिल्हाधिकारी तिच्यात असतात, पोलीस असतात, बांधकाम खाते असते. ताम्हिणीसाठी पुणे आणि रायगड अशा दोन समित्यांची एकत्र बैठक लावावी लागेल. पावसाळ्याआधी, मेमध्ये ती लागली, तर जूनच्या पहिल्या रविवारी नाका कुठल्या दगडापाशी आणि पहाटे किती वाजता लावायचा हे त्या तक्त्यावरून ठरवता येईल.